साडेतीनची रेषा

त्या शुक्रवारी सर्व्हरवरचा एक आकडा बदलण्यात आमचा सर्व्हर सांभाळणाऱ्या एस्किलचा फायदा एकवीस दिवसांचा होता. एकवीस दिवस होडी, बायको आणि बंद फोन. आमचा मालक पॅले, त्याचा फायदा असा की सुट्टीत त्याला उन्हाळी घरी शोधून काढून कुणी झापणार नव्हतं. आणि सगळ्यात मोठा फायदा माझा, कारण सुट्टीचे ते तीन आठवडे हॉर्सन्स गावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या कचेरीत फोनपाशी मी एकटी बसणार होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ही हकिगत ऐकणारा सगळा दोष एस्किलच्या ताटात वाढतो, आणि मी शेजारी बसून मान हलवत राहते. तशी मी बरेच दिवस हलवलीही.

आमचा धंदा साधा. गावातल्या लहान लोकांच्या वेबसाइट आणि ईमेल आम्ही सांभाळतो. दोनशे चाळीस गिऱ्हाईकं, सगळी एकाच सर्व्हरवर, एका इमारतीत दोनशे चाळीस बिऱ्हाडं असावीत तशी. जिना एक, दारावरचा पहारेकरी एक. केस कापणारी बाई, घोडेस्वारीची शाळा, दातांचे दोन डॉक्टर, चर्चचं गायकमंडळ, अंत्यविधीची व्यवस्था बघणारा थोर्किल. प्रत्येकाला वाटतं, पहारेकरी आपल्या एकट्याचा आहे.

त्या वर्षी मे महिन्यापासून स्पॅमची लाट आली. तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा. तुमची बँक बंद पडतेय, तिथे दाबा. थोर्किल तर रोज सकाळी नऊला हजर.

"गुनवोर, आज पुन्हा मर्दानी ताकदीच्या गोळ्या. चौदा पत्रं."

"पुसून टाक ना, थोर्किल."

"पुसतो गं. पण माझ्या गिऱ्हाइकांना त्या गोळ्यांचा काय उपयोग, एवढं त्या लोकांना कुणीतरी कळवा."

पहिल्या दिवशी मी हसले. पाचव्या दिवशी हसण्याचा नुसता आवाज काढला. जूनमध्ये फोनकडे बघूनच माझं डोकं दुखायला लागलं.

आमचा पहारेकरी, म्हणजे सर्व्हरवरची स्पॅमची चाळणी, आलेल्या प्रत्येक पत्राला गुण देतो. शाळेच्या उलट, जितके गुण जास्त तितकं पत्र वाईट. विषय सगळा मोठ्या अक्षरांत, घाला थोडे. उद्गारचिन्हांची रांग, घाला आणखी. रंगीत मजकूर, मोठं चित्र आणि शब्द चार, घाला. बेरीज पाचच्या वर गेली की पत्र संशयित ठरतं आणि गिऱ्हाइकाच्या पेटीतल्या स्पॅमच्या फोल्डरात जाऊन पडतं. नष्ट होत नाही. ज्याला हवं तो उघडून बघू शकतो. पण नवीन चोर हुशार होते. ते चार गुणांत, पावणेचार गुणांत आत येत होते.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं न्याहारीच्या टेबलाभोवती बसलो होतो. शुक्रवारी पाव पॅले आणतो.

"रीतसर करायचं तर," एस्किल लोणी फासत म्हणाला, "मर्यादा जरा खाली आणायची. दोन आठवडे नुसतं बघायचं, नवीन कोणती पत्रं अडकतात. मग ज्याला त्याला विचारून एकेकाचं पक्कं करायचं."

"दोनशे चाळीस जणांना विचारणार?" मी म्हणाले.

"हो."

"कधी? होडीतून?"

पॅले हसला. पॅले हसला की आपण बरोबर बोलतोय असं मला वाटायचं. ती माझी सवय जुनी.

"आणि फोल्डरात टाकून भागत नाही," एस्किल म्हणाला. "मागच्या महिन्यात घोडेवालीची पेटी नुसत्या स्पॅमनं भरली. खरी पत्रं माघारी जायला लागली. किती बोलली ती!"

"मला बोलली. तुला नाही. मग फोल्डरात टाकूच नकोस ना. उलट टपाली परत पाठव."

"कुणाला परत? पाठवणाऱ्याचे पत्ते खोटे असतात. भलत्यांच्याच दारात आपली परतीची पत्रं पडतील, आणि चार दिवसांत आपलाच सर्व्हर काळ्या यादीत. काढायचं तर गपचूप नाहीसं करावं लागेल. ना याला निरोप, ना त्याला."

"तर मग गपचूप कर," मी म्हणाले. "तीन आठवडे मी इथे एकटी आहे, एस्किल. थोर्किलच्या गोळ्या मी एकटीनं किती मोजायच्या?"

त्यानं पॅलेकडे बघितलं. पॅलेनं खसखशीचा पाव निवडला आणि म्हणाला, "सुट्टीपुरतं करायला काय हरकत आहे."

एस्किलनं ताटली बाजूला सारली, लॅपटॉप ओढला आणि एक ओळ लिहिली. साडेतीनच्या वर गेलेलं पत्र नष्ट. सगळ्या दोनशे चाळीस जणांसाठी. कॉफी निवायच्या आत काम झालं.

"परत आलो की काढतो," तो म्हणाला. खोटं बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

जुलै फार सुंदर गेला. फोन वाजलाच नाही म्हटलं तरी चालेल. मी खिडकी उघडून दोन जाडजूड कादंबऱ्या संपवल्या, भाचीसाठी एक स्वेटर विणला आणि दुपारी चारला कुलूप लावून समुद्रावर पोहायला गेले. थोर्किलनं एकदाच फोन केला. "सगळं शांत झालंय, गुनवोर. माझ्याकडे आल्यासारखं वाटतंय." आम्ही दोघं मनापासून हसलो.

ऑगस्टमध्ये एस्किल होडीवरून परत आला, नाक सोललेलं, चेहरा प्रसन्न.

"कुणी काही बोललं?"

"कुणीच नाही."

"काहीच तक्रार नाही?"

"एक नाही."

त्यानं लॅपटॉप उघडला आणि परत मिटला. "मग राहू दे अजून थोडे दिवस," तो म्हणाला.

आमच्या धंद्यात तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालतात. पण हरवलेलं पत्र फोन करत नाही. ज्यानं पाठवलं त्याला वाटतं पोचलं. ज्याला यायचं होतं त्याला ते निघालं होतं हेच ठाऊक नाही. मग तक्रार करणार कोण? हे मला तेव्हाही कळत होतं. फोन शांत होता म्हणून मी ते मनात येऊ दिलं नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कचेरीत आयनार मुंक आला. हुम्लेहोय बागसंघाचा अध्यक्ष. गावाबाहेरच्या टेकडीवर संघाचे कुंपण घातलेले बागेचे तुकडे आहेत, प्रत्येकात एक लाकडी खोपटं. त्यांची ईमेल आमच्याच सर्व्हरवर. आयनारनं पस्तीस वर्षं मोटार चालवण्याच्या परीक्षा घेतल्या आणि अर्धं गाव गाडी उभी करण्यात नापास केलं. मला दोनदा. त्याच्यामागे पावसाळी कोट घातलेली एक सत्तरीपुढची बाई दाराशीच उभी राहिली.

"ही राग्ना थ्युगेसेन," आयनार म्हणाला. "हिचं म्हणणं असं की हिनं आम्हाला आठ जुलैला पत्र पाठवलं. आमचं म्हणणं असं की ते आलं नाही. दोघंही खरं बोलत असू, असं होऊ शकतं का?"

"मला कुणाला त्रास द्यायचा नाही," राग्ना दाराशीच म्हणाली. "जमलं तर बघा. नाहीतर राहू दे."

"राग्ना, बसा तरी," मी म्हणाले.

ती बसली नाही. हातातला कागद तिनं माझ्यासमोर ठेवला, सुरकुती काढून, सरळ करून.

हकिगत अशी. राग्नाचं आणि तिच्या नवऱ्याचं, व्हिलीचं, नाव बागेच्या प्रतीक्षायादीत सतरा वर्षं होतं. व्हिली नगरपालिकेच्या उद्यानखात्यात होता. चाळीस वर्षं त्यानं गावाची झाडं छाटली. स्वतःचं झाड एक नाही, कारण राहणं तिसऱ्या मजल्यावर. आता छाती कामातून गेलेली. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचा. डॉक्टर म्हणाले होते, उघड्यावर बसा, हळूहळू हात चालू ठेवा. सतरा वर्षांत यादीतला त्यांचा आकडा एकशे नव्वदवरून एकवर आला होता, आणि आठ जुलैला संघाचं पत्र आलं: तुकडा क्रमांक बेचाळीस तुमचा, कोपऱ्यात नाशपातीचं झाड आहे, आठ दिवसांत लेखी होकार द्या. होकार आला नाही तर नकार समजून नाव यादीतून कमी होईल.

राग्नानं अकरा मिनिटांत उत्तर दिलं. ती प्रत माझ्यासमोर होती. विषयात मोठ्या अक्षरांत तीनदा 'हो', पुढे उद्गारचिन्हांची रांग. खाली हिरव्या आणि लाल ठळक अक्षरांत दोन ओळी. आणि व्हिलीचा एक मोठा फोटो: स्वयंपाकघरात, डोक्यावर गवती टोपी, हातात कात्री, दोन्ही गाल फुगवून हसतोय.

"मग पुढे तुम्ही फोन का केला नाही?" मी विचारलं. "पत्र पोचलं का म्हणून?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला दुकानात माणसं ढकलून पुढे जायला सांगितलं होतं.

"सतरा वर्षं रांगेत उभी राहिले," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी घाई कशी करू? लोक काय म्हणतील? कमिटीची माणसं सुट्टीवर असतील, म्हटलं. येतील तेव्हा किल्ली देतील."

आयनारनं मान डोलावली. आमच्याकडे हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मीही तेच केलं असतं.

ऑगस्टच्या मध्याला ती सायकलवरून टेकडीवर गेली, नाशपाती किती मोठ्या झाल्यात ते बघायला. बेचाळीस क्रमांकाच्या कुंपणाला एक तरुण जोडपं निळा रंग देत होतं. यादीत त्यांच्यानंतरचं नाव. त्यांनी एका साध्या ओळीत होकार पाठवला होता आणि तो पोचला होता. राग्नानं त्यांना "रंग छान निवडलात" म्हटलं आणि घरी आली. व्हिलीला सांगितलं, ताबा वसंतात मिळणार आहे. मग तीन आठवडे विचार करून तिनं आयनारला कागदावर पत्र लिहिलं, पोस्टाचं तिकीट लावून.

"नियम नियम आहे," आयनार म्हणाला. "उत्तर नाही म्हणजे नकार. आता हिनं पुन्हा नाव घातलंय, तर नंबर दोनशे बारा. पण पत्र आलं होतं आणि तुमच्याकडे गहाळ झालं, असं तुम्ही लेखी दिलंत, तर दोष हिचा नाही. मग मी हिला पहिल्या नंबरावर ठेवू शकतो. पुढचा तुकडा रिकामा झाला की हिचा. ऑक्टोबरात एक होतोय."

म्हणजे आमच्या एका कागदावर सगळं होतं. ऑक्टोबरची बाग, का दोनशे बारा नंबर.

ते गेल्यावर एस्किलनं सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. सर्व्हर आलेल्या प्रत्येक पत्रामागे एक ओळ लिहून ठेवतो. सापडायला दोन मिनिटं लागली. आठ जुलै, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं, राग्नाचा पत्ता, आणि पुढे हिशेब: मोठी अक्षरं १.२, उद्गारचिन्हं ०.८, मोठं चित्र थोडे शब्द १.१, रंगीत ठळक मजकूर ०.६. एकूण ३.७. कारवाई: नष्ट.

"पाचची मर्यादा असती तर सरळ आत गेलं असतं," एस्किल म्हणाला. नाकावरची नवी कातडी पांढरी पडली होती. "फोटोत नुसता म्हातारा आहे गं. टोपी घातलेला."

"आनंदाचे गुण," मी म्हणाले. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोलले.

"अशी अजून किती?" पॅलेनं दारातून विचारलं.

एस्किलनं आकडा काढला. दोनशे चाळीस जणांची मिळून नऊ आठवड्यांत एकतीस हजार पत्रं नष्ट. बहुतेक सगळी खरोखर कचरा. पण बहुतेक म्हणजे किती, हे कुणी सांगावं? पत्रंच नव्हती, नुसत्या ओळी होत्या.

एस्किलनं तिथल्या तिथे मर्यादा पुन्हा पाचवर नेली. पॅलेनं दार लावलं आणि खुर्ची ओढून बसला. मोठा आवाज तो कधीच करत नाही.

"हे बघा. आपण लेखी दिलं की आमच्याकडे पत्र नष्ट झालं, तर आयनार ते सभेत वाचून दाखवणार. सभेत साठ माणसं. त्यांतली दहा आपली गिऱ्हाईकं. दुसऱ्या दिवशी सगळे विचारणार, माझं काय काय नष्ट केलंत? काय सांगणार?"

"खरं सांगू," एस्किल म्हणाला, पण खाली बघून.

"खोटं सांगा असं मी कुठे म्हणतोय? संघाच्या पेटीत ते पत्र आहे का?"

"नाही."

"स्पॅमच्या फोल्डरात?"

"नाही."

"मग तेवढंच लिहायचं. गुनवोर, तू लिही. तुझी भाषा चांगली आहे."

आमच्याकडे माणसं खोटं बोलत नाहीत. ती बरोबर वाक्यं लिहितात. मी लिहिलं: "संघाच्या पेटीची व तिच्या सर्व फोल्डरांची तपासणी केली असता सदर पत्र आढळले नाही. ईमेल वाटेत गहाळ होण्याची शक्यता कधीच पूर्णपणे नाकारता येत नाही." खाली सही माझी. वाक्यात एक शब्द चुकीचा नाही, आजही काढून दाखवा. पॅलेनं वाचलं आणि म्हणाला, "उत्तम." मला बरं वाटलं, हे सांगायची लाज वाटते, पण वाटलं.

आयनारनं कागद वाचला आणि परीक्षेत नापास करताना करायचा तसा चेहरा केला. शक्यता नाकारता येत नाही म्हणजे पुरावा नाही. नंबर दोनशे बारा. ऑक्टोबरातला तुकडा एका शाळामास्तरला गेला.

ऑक्टोबरच्या शेवटी राग्ना एकटीच आली. मला वाटलं भांडायला आली. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागले.

"तुझा वेळ घेते, बाई," ती म्हणाली. या वेळी खुर्चीवर बसली. "तुला यातलं कळतं, म्हणून विचारते. पत्र कसं लिहायचं, की ते पोचेल? पुढच्या वेळी माझ्याकडून चूक नको."

"चूक तुमची नव्हती, राग्ना."

"मग कुणाची?"

एवढं सोपं विचारलं तिनं. समोर, दोन हातांवर. उत्तर माझ्या टेबलाच्या पडद्यावर होतं, चार कळा दाबल्या असत्या तर दिसलं असतं. शेजारच्या खोलीत पॅले फोनवर बोलत होता.

"सांगता येत नाही," मी म्हणाले. आणि मग मी तिला शिकवलं. मोठी अक्षरं नकोत. उद्गारचिन्ह नको, फारच वाटलं तर एक. रंग नको. फोटो नको. साधं लिहायचं, सरकारी कागदासारखं. ती पाकिटाच्या पाठीवर सगळं उतरवून घेत होती.

"व्हिली म्हणाला होता, फोटो पाठव, त्यांना कळू दे बाग कुणाला मिळतेय," ती म्हणाली. "म्हणजे फोटोमुळे?"

"तसं नाही. थोडं थोडं सगळ्यामुळे."

"हो का." तिनं 'फोटो नको' या शब्दांखाली रेघ मारली. "व्हिलीला मी हे सांगणार नाही. त्याला वाटेल त्याच्यामुळे झालं. तसंही त्याला वाटतंय वसंतात जायचंय. बियांची पाकिटं आणून ठेवलीत त्यानं." जाताना तिनं माझा हात हातात घेऊन आभार मानले. दोनदा.

एस्किलनं हे सगळं पलीकडून ऐकलं होतं. "तू मला म्हणाली होतीस, गपचूप कर," तो म्हणाला. "मी निदान यंत्राला सांगितलं होतं. तू स्वतःच केलंस."

मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. तो बरोबर बोलला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

सर्व्हरवरची नोंद सहा महिने राहते, मग आपोआप पुसली जाते. आठ जुलैची ओळ आठ जानेवारीला जाणार होती. हे मला नोव्हेंबरात माहीत होतं, डिसेंबरात माहीत होतं. नाताळात बहिणीकडे बदक खाताना माहीत होतं. मला वाटतं मी वाट बघत होते की ती ओळ जावी, म्हणजे मग खरंच सांगता येणार नाही. जानेवारीच्या सहा तारखेला, सोमवारी, कचेरी उघडल्या उघडल्या मी ती ओळ छापली, खाली सही केली, आणि पॅले यायच्या आत आयनारच्या घरी गेले.

त्यानं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"नष्ट," तो म्हणाला. "म्हणजे आलं होतं."

"आलं होतं."

"आणि सप्टेंबरचा तुझा कागद?"

"तो बरोबर होता."

"हं. माझ्याकडेही पुष्कळ लोक बरोबर आरशात बघून सायकलवाल्याला पाडायचे." त्यानं कागद नीट घडी केला. "सप्टेंबरातच हा दिला असतास तर माझ्या एका सहीनं काम झालं होतं. आता यादी नव्या वर्षाची छापून गेली. बदल सर्वसाधारण सभेतच होतो. तेवीस मार्च."

"अडीच महिने?"

"नियम आहे," तो म्हणाला. पण या वेळी त्याला ते म्हणताना बरं वाटत नव्हतं.

पॅलेला मी त्याच दिवशी सांगितलं. तो ओरडला नाही, नोकरीवरूनही काढलं नाही. "तुला योग्य वाटलं ते केलंस," एवढंच म्हणाला, आणि पुढचे दोन महिने माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलला. राग्नाला मात्र मी सांगितलं नाही. म्हटलं, सभेत ठराव होऊ दे, पक्की बातमी घेऊनच जाऊ. पुन्हा आशा लावून मोडायला नको. हेही वाक्य किती बरोबर आहे बघा.

तेवीस मार्चला संघाच्या लाकडी सभागृहात साठ माणसं, कॉफी आणि गोड पाव. मी उभी राहिले आणि सांगितलं: पत्र आलं होतं, आमच्या सर्व्हरनं ते आमच्याच सांगण्यावरून नष्ट केलं, आणि सप्टेंबरचा कागद मी तुम्हाला कळू नये म्हणून तसा लिहिला. कुणी रागावलं नाही. मागून एक जण म्हणाला, "तरीच माझ्या पुतणीचं लग्नाचं आमंत्रण मिळालं नाही!" आणि त्याची बायको म्हणाली, "तुला बोलावलंच नव्हतं." लोक हसले. मग आयनारनं ठराव वाचला, सगळे हात वर गेले. राग्ना आणि व्हिली थ्युगेसेन, पहिला नंबर. मे महिन्यात सतरा क्रमांकाचा तुकडा रिकामा होणार होता. सभेचं आमंत्रण यादीतल्यांनाही असतं, पण राग्ना आली नव्हती. मला वाटलं, बिचारी लाजली असेल.

आयनारनं त्याच संध्याकाळी तिला कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं उत्तर संघाला आलं, प्रत मला. साध्या काळ्या अक्षरांत, सरकारी कागदासारखं, मी शिकवलं होतं तसं:

"आपल्या पत्राबद्दल आभार. कृपया आमचे नाव यादीतून कमी करावे. व्हिली ११ फेब्रुवारीपासून शुश्रूषागृहात आहे व त्याला आता बाहेर नेता येत नाही. मी रोज दुपारी त्याच्याकडे असते, त्यामुळे मला एकटीला बागेचा उपयोग नाही. ज्यांनी आमच्यासाठी हात वर केले त्यांना नमस्कार सांगावा. राग्ना थ्युगेसेन."

मी पहारेकऱ्याचा हिशेब उघडून बघितला. त्या पत्राला ०.० गुण होते.

दुपारी मी शुश्रूषागृहात गेले. तिनं मला आत नेलं. व्हिली झोपला होता, नाकात नळी. ती म्हणाली, "ही गुनवोर, ईमेलवाली," त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि मला खुर्ची दिली. मी माफी मागितली. सगळं सांगितलं, ऑक्टोबरातलंसुद्धा. तिनं त्याची चादर सारखी केली.

"ऑक्टोबरात तो अजून जिना उतरत होता," ती म्हणाली. एवढंच. मग मला कॉफी हवी का विचारलं.

आता हिशेब मांडते. एस्किलला त्याचे एकवीस दिवस मिळाले, ते कुणी परत मागितले नाहीत. पॅलेचं एकही गिऱ्हाईक गेलं नाही. सभेनंतर चार जणांनी फोन केला आणि चौघांचं समाधान झालं. आयनारचा नियम शाबूत राहिला. निळ्या कुंपणाच्या जोडप्याला त्या वर्षी नाशपाती भरपूर आल्या, त्यांचा यात काही दोष नाही. मला सभेत पाच मिनिटं लाज सोसावी लागली, आणि तीही लोकांनी हसून हलकी केली. राग्नाचं नाव खोडल्यावर तिच्या मागच्या दोनशे अकरा जणांना एकेक नंबर वरचा मिळाला. आयनारनं तसं प्रत्येकाला कळवलं, आणि सगळी पत्रं पोचली. हे सगळं ज्यांच्या खर्चानं झालं, ती दोन माणसं त्या यादीत नाहीत.